पिठावरची रेघ

आई गेल्यावर मला रडू आलं नाही. यात मिरवण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखंही नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात तेव्हा गाल जसा आपला असूनही आपला राहत नाही, तसं त्या दिवसांत माझं सगळं अंग झालं होतं. मुर्रीला आईबाबांच्या घरी बाया यायच्या, माझ्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायच्या आणि खांदा ओला करून निघून जायच्या. मी त्यांच्यासाठी पाणी आणत होते, सतरंजी झटकत होते, सपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, पायरीशी पडलेल्या चपला सरळ लावत होते. चपला लावणं मला चांगलं जमत होतं.

आत्याला हे बघवेना. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नात्यात कुठेही मयत झाली की त्या घराचा कारभार आपोआप तिच्या हातात जातो आणि तो ती सोडत नाही. चारचौघींसमोर तिनं मला विचारलं, "शिकलेल्या बायकाईले रडू येत नाई का?"

"नाही येत," मी म्हणाले. तिनं नाक मुरडलं आणि चुलीकडे गेली. मला तिचा रागसुद्धा आला नाही, आणि एरवी मला आत्याचा राग यायला फार वेळ लागत नाही.

मी गोंदियात एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि तिथेच राहते. मुर्री गोंदियाच्या कडेलाच आहे, स्कूटरनं गेलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचता येतं. आईबाबा, भाऊ आणि वहिनी तिथल्या घरी. धानाची शेती आहे आणि शेताच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे, आमच्या पणजोबांच्याही आधीच्या कुणीतरी बांधलेलं लहानसं तळं. आजही बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी त्यातूनच सुटतं.

सपरीच्या कोपऱ्यात, आईच्या खाटेजवळ, मातीनं भरलेलं एक गंजकं घमेलं असायचं. त्यात रताळ्याची वेल. ती वेल रताळ्यांसाठी नव्हतीच. एकदा मी वर्गात दाखवायला अळी हवी म्हणाले होते, तेव्हापासून आईनं ते काम अंगावर घेतलं. रताळ्याच्या पानांवर किंवा बोडीच्या काठच्या बेशरमाच्या झुडपांवर एक बोटाएवढी जाड अळी मिळते. कधी हिरवी, कधी तपकिरी, आणि शेपटीवर एक वाकडं शिंग. आई ती काडीनं उचलून आणायची, वेलीवर सोडायची आणि मला फोन करायची. "तुहे पाहुने आले व. माही वेल खाऊन राहिले. घेऊन जाय." पाहुणे पोटभर खाऊन झाले की खाणं सोडतात, रंगानं काळपट होतात, दिवसभर सैरावैरा फिरतात आणि मग मातीत घुसून कोष करतात. तो कोष मुलांना फार आवडतो. तपकिरी, गुळगुळीत, आणि पुढच्या टोकाला सुरईच्या कानासारखी एक वळलेली दांडी. त्या दांडीत पुढे होणाऱ्या पतंगाची सोंड असते. ती सोंड त्याच्या अंगापेक्षा लांब. संध्याकाळी तो फुलासमोर हवेतच थांबून लांबूनच मध पितो, फुलावर बसत नाही.

या पतंगाला आमच्याकडे वेगळं नाव नाही. कुठलंही उडतं ते पाखरू, एवढ्यात सगळे आले. पुस्तकातलं नाव मी फळ्यावर लिहिते आणि मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. त्याचा मुलूख मात्र मोठा आहे. आफ्रिकेत आहे, आशियाभर आहे, आणि उन्हाळ्यात तो युरोपात इतका उत्तरेला चढतो की तिथला हिवाळा त्याला झेपत नाही. समुद्र ओलांडतो, डोंगर ओलांडतो, तिकडे पिल्लावळ करतो आणि थंडीत सगळी संपते. तरी पुढच्या वर्षी दक्षिणेकडून पुन्हा दुसरे निघतात. हे मी आईला सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. "एवढ्या दूर जाते," ती म्हणाली, "आन् खाते माहीच वेल."

आईला ताप आला आणि ताप उतरेना म्हणून तिला गोंदियाच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे एका संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं, मला घरी ने. स्पष्ट सांगितलं, भ्रमात नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "दो दिन और देख लेते हैं, बाबूजी." बाबांनी आईचा हात थोपटून म्हटलं, दोन दिवस थांबू. दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं आणि बाबांचंही नाही, पण हे बाबांना कोण सांगणार. तेव्हापासून ते बोलायचे थांबले. विचारलं तेवढंच उत्तर. पण जेवत होते. बाबांना साखर आहे. सकाळी गोळी घ्यायची आणि त्यावर खायचंच, नाहीतर साखर एकदम उतरते, हे गणित आई सांभाळायची. आता वहिनी ताट वाढायची आणि ते मुकाट्यानं संपवायचे. घरातल्या सगळ्यांना तेवढ्यानं धीर होता.

मग दहावा आला.

आमच्याकडे दहाव्याच्या संध्याकाळी गेलेल्या माणसाच्या झोपायच्या जागी जमीन सारवून वर तांदळाचं पीठ चाळतात. शेजारी दिवा ठेवतात, पिठावर टोपली पालथी घालतात आणि टोपलीच्या एका कडेखाली खडा ठेवतात, येणाऱ्याला वाट म्हणून. सकाळी टोपली उचलून पाहायचं. पाखराचा पाय उमटला तर माणूस पाखराच्या जन्माला गेला, मुंगीची वाट दिसली तर मुंगीच्या. काहीच नसलं तर सुटला. यातलं काहीही निघालं तरी घरचे शांत होतात. फक्त लांब रेघ निघता कामा नये. लांब रेघ म्हणजे सरपटणारं जनावर, आणि ते जनावर घर सोडत नाही, कारण माणसानं मागितलेलं काहीतरी द्यायचं राहून गेलेलं असतं.

आईच्या जागी, रताळ्याच्या घमेल्याला लागूनच, आत्यानं पीठ चाळलं. मी चाळण धरली होती. या प्रकारावर माझा विश्वास नाही, पण नकोसंही वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं. पीठ छान बारीक होतं, एवढं आठवतं.

सकाळी सगळे सपरीत जमले. आत्यानं टोपली उचलून मागे भिंतीला टेकवली आणि दिवा बाजूला केला. पिठावर मधोमध एक रेघ होती. करंगळीएवढी जाड, नागमोडी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. वहिनीनं पदर तोंडाला लावला. शेवटी आत्याच म्हणाली, "जनावर हाय."

बाबांनी ते बघितलं. मग माझ्याकडे नाही, भावाकडे नाही, नुसतं बाहेर अंगणाकडे बघत म्हणाले, "घरी ने म्हनली होती. मीच नाई आनलं." आणि ते उठून मागच्या गोठ्याकडे गेले.

मी वाकून पाहिलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक टोचे होते, सुईनं टोचल्यासारखे, जोडीजोडीनं. सापाला पाय नसतात. मी आत्याला ते टोचे दाखवले.

"मेलेल्या मानसाच्या वाटेले तुह्या कालेजातलं शिकवनं लागत नाई," ती म्हणाली. तिनं सुपानं पीठ गोळा करायला घेतलं होतं. ते टोपलीसकट बोडीत सोडायचं असतं, दिवस कलताना.

मी घमेल्याकडे वळले. वेलीच्या बुडाशी मातीत एक भोक पडलेलं होतं, आतून बाहेर, कडा उकललेल्या. बोटानं माती उकरली तर रिकामा कोष हाताला लागला, दांडीसकट. म्हणजे आईनं दवाखान्यात जाण्याआधी सोडलेल्या पाहुण्यांपैकी एक रात्री बाहेर निघाला होता. कोषातून निघालेल्या पतंगाचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात, पोट जड असतं. त्याला उडता येत नाही. तो चढायला उभी जागा शोधत जमिनीवरून ओढत ओढत चालतो. या वेळी पीठ वाटेत होतं. मी हे सगळं वर्गात दर वर्षी सांगते, म्हणून मला ते कळायला जेमतेम एक श्वास लागला.

मी कोष घेऊन गोठ्यात गेले. बाबा गव्हाणीच्या काठावर बसले होते. मी त्यांना दाखवलं, समजावलं. त्यांनी कोष तळहातावर घेतला, उलटा केला आणि परत माझ्या हातात दिला.

"खाली हाय हे," ते म्हणाले. "पाखरू कुठं हाय?"

"उडून गेलं असेल."

"मंग कायले सांगतेस."

त्या सकाळी त्यांनी चहा घेतला नाही. वहिनीनं पोहे नेले, परत आणले. साखरेची गोळी मात्र सवयीनं घेऊन बसले होते, हे भावाला कळलं तेव्हा त्याचा चेहराच उतरला. दुपारी ताट नेलं तर म्हणाले, "तिले पहिले मोकळी होऊ द्या." भाऊ चिडला, मग गयावया केली, मग अंगणात जाऊन उभा राहिला. बाबांना घाम येत होता आणि पाणी पिताना पेला हातात हलत होता. मी साखरेचं पाणी करून नेलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी हे सगळं पाहत होते आणि माझ्या मनात स्वच्छ मराठीत एक वाक्य तयार होत होतं की हा माणूस असाच बसला तर तोही जाईल. वाक्य बरोबर होतं. त्याच्यामागे काही हलत नव्हतं.

तरी पाय हलत होते. मी पाखरू शोधत होते. सपरीचे खांब पाहिले, खालून छपराचे कवेलू पाहिले, आंब्याची साल पाहिली, गोठ्याचे वासे पाहिले. हा पतंग राखाडी असतो, दिवसा कुठेतरी लाकडावर चिकटून बसतो आणि हाताच्या अंतरावर असला तरी दिसत नाही. मिळाला नाही. आत्या खाटेवरून पाहत होती. "का धुंडून राहिली?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "भेटलं तर सांगजो," आणि यात टोमणा नव्हता, असं मला वाटलं.

दिवस कलायला लागला तेव्हा बाबा स्वतःच उठले. त्यांनी पिठाची टोपली उचलली. बायकांनी यायचं नसतं, असं आत्या म्हणाली. मी म्हणाले, त्यांना चालवत नाहीये, मी येणार. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाटेतून बाजूला सरली. भाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, असे आम्ही शेताच्या धुऱ्यावरून बोडीच्या पाळीवर, काठच्या बांधावर, गेलो. लवकर येणारा हलका धान पिकायला आला होता. बाबा दोनदा थांबले. खिशात मी गूळ घेतला होता, तो त्यांनी घेतला नाही.

पाण्याजवळ ते उकिडवे बसले. आत्यानं पीठ एका पळसाच्या पानात बांधून टोपलीत ठेवलं होतं. बाबांनी ते पान उचलून काठावर ठेवलं आणि टोपली पाण्यावर धरली. उन्हं तिरपी होती, ती टोपलीच्या आत गेली. आतल्या बाजूला, बुडापासून थोडं वर, बांबूच्या काळपटलेल्या विणीवर एक जागा विणीसारखी दिसत होती पण वीण नव्हती.

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

मी टोपली त्यांच्या हातातून काढून घेतली. पतंग होता. रात्री पिठावरून चालत जाऊन तो टोपलीच्याच आतून वर चढला होता, तिथेच पंख वाळवून बसला होता, आणि आम्ही सगळे खाली पिठात वाकून पाहत असताना आत्यानं त्याला टोपलीसकट उचलून भिंतीला टेकवलं होतं. मी बोट पुढे केलं, तो हळूच बोटावर आला. जड होता. पंख थोडे फाकले तेव्हा पोटावरचे गुलाबी पट्टे दिसले, लुगड्याच्या काठासारखे. त्याच्या छातीखालच्या केसांत आणि पायांत पांढरं पीठ अडकलेलं होतं. मी तो बाबांसमोर धरला.

ते जवळ वाकले. "पीठ हाय," ते म्हणाले.

"हो."

"मंग ते रेघ याचीच."

"याचीच, बाबा. आईनं ठेवलेली अळी होती. जनावर नव्हतं."

भाऊ मागे उभा होता, त्यानं मोठा श्वास सोडला. बाबांनी मात्र सोडला नाही. ते पतंगाकडेच पाहत होते, आणि मला कळलं की आपण फक्त साप काढून घेतला आहे, बाकी सगळं तसंच आहे.

"हे आता कुठं जाते?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. दूर जातो, समुद्र ओलांडतो, तिकडच्या देशांत जातो. मला वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल. आई जिल्ह्यातल्याच नागऱ्याच्या देवळाच्या आणि कचारगडच्या जत्रेच्या पलीकडे फारशी गेलेली नव्हती.

"तिले तर गोंदियाच्या बसमधी बी मळमळत होतं," बाबा म्हणाले. "तिले कायले जायचं दूर." मग थोड्या वेळानं, "जगते किती?"

खोटं सुचायला थोडं तरी मन जागं लागतं. "थोडेच दिवस," मी म्हणाले. "दोन-तीन आठवडे."

त्यांनी मान हलवली. ऊन पाण्यावरून गेलं होतं. समोरच्या बांधीत बगळे उठत होते. तेवढ्यात माझ्या बोटावरचा पतंग थरथरायला लागला. आधी बारीक, मग जोरात, पंख जागच्या जागी इतके कापत होते की त्यांची कड दिसेना.

"हिव भरलं तिले," बाबा म्हणाले. ते घाईनं खांद्यावरचा दुपट्टा काढायला लागले, हात अडखळत होते, दुपट्टा गुंतला. त्यांना तो पतंगावर पांघरायचा होता.

"झाकू नका, बाबा. हिव नाही ते. थंड अंगानं त्याला उडता येत नाही, म्हणून उडायच्या आधी अंग असं कापवून गरम करतो. निघायची तयारी आहे ती."

त्यांचा हात दुपट्ट्यासकट हवेत राहिला.

दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी आईला असंच हिव भरलं होतं. लोखंडी खाट वाजत होती. बाबांनी तिथे होती नव्हती तेवढी पांघरुणं तिच्यावर घातली, शेजारच्या पेशंटची मागून आणली, तरी ती कापतच होती. मग ते तिचे पाय दोन्ही हातांनी दाबून बसले. ते कापणं थांबलं तेव्हा ती गेलेली होती.

"मंग दवाखान्यात बी," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. "तुही माय बी तयारीच करून राहिली होती का? तू शिकवतेस ना हे. सांग."

आईच्या रक्तात जंतू पसरले होते. अंग का कापत होतं, ते मला चांगलं माहीत आहे. तेही मी शिकवते.

"हो, बाबा," मी म्हणाले. "तयारीच होती." आणि ते म्हणताना माझा आवाज फुटला. अंगाला आलेली ती बधिरता कुठून सुटली कोण जाणे, मी पाळीवर बसले आणि आईसाठी रडले, भावासमोर, बगळ्यांसमोर, नाक पुसायला काही नसताना. बाबांनी हातातला दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला. पतंग कधी गेला ते मी पाहिलं नाही. भाऊ म्हणतो, पाण्यावरून सरळ गेला, बेशरमाच्या फुलांपाशी थांबलासुद्धा नाही.

बाबांनी पीठ सोडलं, मग टोपली सोडली आणि हात धुतले. परत येताना ते माझ्या हाताला धरून चालले आणि मी दिलेला गूळ त्यांनी तोंडात टाकला.

आत्या सपरीतच बसली होती. आमचे चेहरे पाहून ती उठून उभी राहिली.

"का झालं?" तिनं विचारलं. "का होतं ते?"

"हिव नव्हतं ते," बाबा म्हणाले. आत्याला काहीच कळलं नाही, पण त्यांनी पाटावर बसून ताट पुढे ओढलं होतं, म्हणून ती भात वाढायला लागली.